मुंगूस दिवसा येतं: अर्धा इंची वेल्डमेशच्या खुराड्याचा तिन्ही ऋतूंतला अनुभव

इंदूरजवळ राऊच्या पुढे, महू रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. मागे मोठं अंगण, त्याला लागून सोयाबीनचं शेत आणि शेताच्या कडेने नाला. नाल्याकाठच्या झुडपांत मुंगसं, रानमांजरं, घुशी. वस्तीतली भटकी कुत्री वेगळीच. अशा जागी आम्ही कडकनाथ या काळ्या जातीच्या कोंबड्या पाळतो. या जातीचं मूळ ठिकाण झाबुआ इथून साधारण दीडशे किलोमीटर, त्यामुळे अस्सल पिल्लं मिळतात. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही जात, स्वस्तात कोणी देत नाही. शिवाय कडकनाथ कोंबडी खुडूक फारशी बसत नाही. पिल्लं काढायची तर अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. अशी वाढवलेली कोंबडी एका दुपारी कोणी मारून टाकली की नुसते पैसे जात नाहीत, जीव हळहळतो.

गेल्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही नवीन खुराडं करून घेतलं. आता रंगपंचमी झाली. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बघून झाले, म्हणून लिहिते.

रात्रीचं खुराडं 8 बाय 4 फूट, जमिनीपासून दोन फूट उचललेलं. त्याला जोडून 12 बाय 8 चं जाळीचं आवार, दिवसभर फिरायला. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपाचा. जाळी अर्धा इंच बाय अर्धा इंच भोकाची, 18 गेजची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी जाळी. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात उभं राहण्याआधी माहीत असावं; 18 गेजची तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. जाळी इंदूरच्या सियागंज बाजारातून आणली, काम घराजवळच्या वेल्डरकडून करून घेतलं. सगळं मिळून 40,000 च्या आत बसलं. रक्कम मोठी आहे, पण त्यातला जास्तीत जास्त पैसा जाळीत गेला आणि तो तिथेच जायला हवा होता.

वेल्डरचं म्हणणं होतं, "भाभी, मुर्गी के लिए तो मुर्गा जाली ही लगती है, आधे में काम हो जाएगा." आमचा आधीचा पिंजरा तयार मिळालेला होता, तो त्याच षटकोनी जाळीचा. तिच्या तारा एकमेकींना नुसत्या पिळलेल्या असतात. एक पीळ सुटला की शेजारचे पटापट सुटत जातात. कुत्र्याने दातात धरून ओढली की भगदाड पडतं, आणि मांजर तर काहीही न तोडता पंजा आत घालून जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला ओढतं. आमच्याकडे दोन्ही झालं. वेल्डमेशला प्रत्येक चौकटीवर सांधा असतो, एक सुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. आणि अर्ध्या इंचातून मांजराचा पंजा जात नाही, मोठा उंदीर जात नाही, मोठा साप जात नाही. लहान साप आणि चिचुंद्रीची पिल्लं जाऊ शकतात, हे मान्य करूनच चालायचं.

जाळी कशी बसवली हेही तितकंच महत्त्वाचं. बाइंडिंगच्या तारेने बांधलेली जाळी कोपऱ्यात ढिली पडते. आम्ही जाळी पाइपावर ठेवून वरून लोखंडी पट्टी मारली आणि वीतभर अंतरावर स्क्रू घेतले. वर्ष होत आलं, एकही कोपरा हललेला नाही.

आता मूळ मुद्दा. सगळे सांगतात, संध्याकाळी दार नीट लावा म्हणजे झालं. पण मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. सकाळी ऊन वर आल्यावर आणि दुपार कलताना ते हिंडतं, नेमक्या त्या वेळी कोंबड्या बाहेर असतात आणि घरातली माणसं कामात किंवा झोपेत. रात्री येतात ते उदमांजर, मांजरं, घुशी, कुत्री, क्वचित कोल्हा. म्हणजे रात्रीचं खुराडं कितीही भक्कम केलं आणि दिवसाचं आवार तसंच उघडं ठेवलं, तर मुंगसाचं काहीच बिघडत नाही. मेलेली कोंबडी पाहूनही थोडंफार कळतं. मानेला, डोक्याला चावे आणि बाकी अंग शाबूत असेल तर संशय मुंगसावर. पिसांचा एकाच जागी ढीग पडला असेल तर शिकारी पक्षी. दोनचार कोंबड्या फाडून तशाच टाकल्या असतील तर बहुतेक कुत्री. अंडी नाहीशी आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर सापाचा विचार करावा.

मुंगसासाठी आम्ही जी एक गोष्ट केली ती मला या सगळ्या खर्चातली सर्वांत मोलाची वाटते: जाळीची झालर. आवाराच्या चारी बाजूंनी जाळी खाली आणून बाहेरच्या अंगाला वळवली आणि दोन फूट जमिनीवर पसरली. वरून थोडी माती, ठिकठिकाणी दगड. चर खणून जाळी उभी पुरायचा सल्लाही मिळाला होता. माळव्याच्या काळ्या मातीत तो निभत नाही. मे महिन्यात ही माती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपाच्या खालची माती बाजूला सरकून आयती फट तयार होते. पावसात तीच माती फुगून सगळं ढकलते, आणि ओल्या मातीत पुरलेली जाळी लवकर गंजते. आडवी झालर मातीबरोबर वरखाली होते. गेल्या मे महिन्यात आमच्या पूर्वेच्या बाजूला तीन बोटं रुंद भेग पडली होती. ती झालरीखालीच राहिली.

झालर काम कशी करते ते मी स्वतः पाहिलंय. जूनमधली दुपार. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. "अगं, कोंबडा बघ कसा ओरडतोय," म्हणाल्या. मी मागच्या खिडकीशी गेले. मुंगूस आवाराच्या कोपऱ्याशी होतं. नाक थेट जाळीला लावलेलं, शेपूट जमिनीला समांतर. त्याने भिंतीच्या बुडाशीच उकरायला सुरुवात केली, पुढचे दोन्ही पाय इतके भराभर की माती मागे फेकली जात होती. दोन इंच खाली जाळी लागली. थांबलं, वास घेतला, हातभर पुढे सरकलं आणि पुन्हा बुडाशीच. असं करत अख्खी एक बाजू संपवली. दोन फूट मागे जाऊन झालरीच्या पलीकडून उकरावं हे काही त्याने केलं नाही. त्याला कोंबडी दिसत होती, तिच्याकडे जायचा रस्ता त्याच्या मते भिंतीलगतच होता. आत कोंबड्या खुराड्याखाली एकमेकींना चिकटून बसलेल्या, आणि आमचा काळा तुरेबाज मधोमध उभा राहून एकसारखा कुक्-कुक् करतोय. हा आवाज ओळखायला शिका. जमिनीवरच्या शत्रूसाठी कोंबडा असा तुटक, सलग ओरडत राहतो. आभाळात घार किंवा शिक्रा दिसला की एकच लांब, बारीक सूर काढतो. कळपात एक कोंबडा असावा असं मी म्हणते ते यासाठी.

मुंगसाला मारायचा किंवा विष घालायचा विचारही करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहे. आणि ते नाल्याकाठी राहून उंदीर, साप खातं, ते आपल्या भल्याचंच आहे. त्याला आत येता आलं नाही की पुरे.

दाराबद्दल थोडं. परदेशातल्या व्हिडिओंत कुलूपासारख्या अवघड कड्या दाखवतात, कारण तिथला रॅकून नावाचा प्राणी हाताने कडी उघडतो. आपल्याकडे रॅकून नाही. आपल्याकडचा त्रास कुत्र्याचा, आणि कुत्रं कडीकडे बघतही नाही, दाराचा खालचा कोपरा थोबाडाने ढकलतं. मध्यभागी एकच कडी असेल तर दार खाली वाकतं आणि फट पडते. आम्ही वर एक आणि खाली एक असे दोन बोल्ट लावले, शिवाय उंबऱ्याला लोखंडी पट्टी. दार बाहेर उघडणारं आणि ढकललं की चौकटीवरच दाबलं जाईल असं.

आपोआप उघडणारं-मिटणारं दार ऑनलाइन मागवलं होतं, बॅटरीवर चालणारं, वरखाली सरकणारं. त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. उजेड ओळखून चालायच्या सेटिंगवर ते पावसाळ्यात गडबडलं: आभाळ गच्च भरून आलं की भर दुपारी दार खाली, आणि कोंबड्या भिजत बाहेर. मग घड्याळाच्या सेटिंगवर टाकलं. पण इंदुरात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातला, म्हणजे दर थोड्या आठवड्यांनी वेळ बदलत बसा. कोंबड्या अंधार पडायच्या आत आपणहून आत जातात, आणि आवार जाळीबंद असेल तर दार अर्धा तास उशिरा लावलं तरी बिघडत नाही. ज्यांना संध्याकाळी घरी असणं जमतच नाही त्यांनी घ्यावं. बाकीच्यांनी ते पैसे झालरीत घालावेत.

लाल लुकलुकणारे दिवेही लावून पाहिले. पहिले काही दिवस मांजर दबकलं, नंतर त्याच दिव्याखालून आरामात जायला लागलं.

आवाराच्या वर मात्र आम्ही खर्च वाचवून नायलॉनचं जाळं ताणलं होतं. घारी आणि कावळ्यांपासून पिल्लं वाचली, हे त्याचं श्रेय. शिक्रा पिल्लू उचलतो. सव्वा किलोची कोंबडी त्याला झेपत नाही. पण श्रावणात एका सकाळी जाळ्याच्या लोंबत्या कडेत धामण अडकलेली सापडली. जितकी पुढे रेटायची तितका धागा खवल्यांत रुतत होता. सर्पमित्रांना बोलावलं. त्यांनी ओला कपडा तिच्या डोक्यावर टाकला आणि छोट्या कात्रीने एकेक धागा कापला, अर्धा तास लागला. खवले दोन ठिकाणी उचकटले होते, पण सोडल्यावर ती शेताकडे सरसर गेली. बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याच्या उपयोगाची. ती आलीच होती उंदरांच्या मागावर, आणि उंदीर आले होते खाली सांडलेल्या दाण्यासाठी. तेव्हापासून दाण्याचं भांडं संध्याकाळी उचलून झाकणाच्या डब्यात जातं, आणि उंदरांचा वावर खरंच कमी झालाय. जाळ्याची लोंबती कड कापून टाकली. या उन्हाळ्यात वरही वेल्डमेशच घालणार आहोत, एक इंची चालेल. वरून येणाऱ्यांना तेवढी पुरते.

उन्हाळ्याची काळजी होती. पत्र्याचं बंद खुराडं मे महिन्यात भट्टी होतं. आमच्याकडे वरची अर्धी भिंत जाळीचीच आहे, त्यामुळे वारा खेळता राहिला. पत्र्यावर पराट्या आणि तुरीच्या काड्या टाकल्या. बेचाळीस अंशांतही कोंबड्या धापा टाकत होत्या, पण एकही दगावली नाही.

तक्रार एकच, पण ती खरी. झालरीच्या जाळीला पावसाळ्यानंतर सांध्यांवर गंज दिसायला लागला. दुकानदाराने गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली, म्हणून दिली, ते खोटं नव्हतं, पण गॅल्व्हनाइज्डचे दोन प्रकार असतात. तारेला आधी जस्त देऊन मग वेल्ड केलेली जाळी सांध्यांवर उघडी पडते, कारण वेल्डिंगमध्ये तिथलं जस्त जळतं. आधी वेल्ड करून मग अख्खी जाळी जस्तात बुडवलेली असेल तर सांध्यावरही जस्ताचा जाड थर दिसतो. जाळी हातात घेऊन एक सांधा जवळून बघा. तो काळपट, भाजल्यासारखा असेल तर भिंतींना चालेल, झालरीला घेऊ नका. आमच्या झालरीला दिवाळीनंतर ब्रशने झिंकचा रंग दिलाय, पावसाआधी आणखी एक हात देणार आहे.