मैदान, गोगाबाबा की गौताळा?

दाजींची उपाशीपोटीची साखर ११८ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोळी न देता "रोज चाला" एवढंच सांगितलं आणि तेव्हापासून दाजींनी एकच लावून धरलंय. "चालायचंच तर जंगलात. दर रविवारी गौताळ्याला जाऊ. त्या मैदानात घाण्याच्या बैलासारखं कोण फिरायलंय?"

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यासमोर तशा तीन वाटा आहेत : घराजवळचं मैदान, शहराच्या कडेची गोगाबाबा टेकडी आणि कन्नडजवळचं गौताळा अभयारण्य. तिन्ही पायांखालून घातल्यात म्हणून लिहितोय.

आधी साखरेचं बघू. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. त्याचा परिणाम फार तर दोनेक दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणजे रविवारी पाच तास डोंगर तुडवला आणि सोमवार ते शनिवार खुर्चीत काढले, तर बुधवारी हिशेब परत शून्यावर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. (दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरचा नाही. जपानात १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता.)

या बाबतीत मैदानाचा हात कुणी धरू शकत नाही. दिवे आहेत, जमीन सपाट आहे, आणि रात्री भाकरी खाऊन पंधरा मिनिटं निघता येतं. जेवणानंतर चढणारी साखर खाली ठेवायला ती पंधरा मिनिटं फार कामाची असतात. खर्च म्हणाल तर एक बुटांचा जोड.

खोट मनाच्या बाजूला आहे. आमच्या मैदानात चौथ्या फेरीपर्यंत प्लॉटचे भाव येतात, सहाव्या फेरीला कुणाच्या तरी पोराचं जमेना झालेलं लग्न. परत येताना घाम गेलेला असतो, पण डोक्यातलं ओझं मात्र जातं तेवढंच परत येतं, कधी दुसऱ्याचंही घेऊन येतं. दाजींना साखरेइतकाच हाही त्रास आहे. रात्री तीनला उठून बसतात.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ साली यावर एक छोटा प्रयोग झाला. ३८ जणांपैकी निम्म्यांना निसर्गात आणि निम्म्यांना गाड्यांच्या वर्दळीच्या रस्त्याकडेनं नव्वद मिनिटं चालवलं. निसर्गात चाललेल्यांचं तेच तेच उगाळणं कमी झालं, मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागाची हालचालही मंदावली. रस्त्यावरच्यांना फरक पडला नाही. मला यातली गंमत वाटते ती जागेची. तो निसर्ग म्हणजे घनदाट अरण्य नव्हतं. गवताळ उतार, मधेमधे झाडं, थोडी झुडपं. म्हणजे आपला माळच की! "मराठवाड्यात कुठंय जंगल" हे रडगाणं तिथंच संपतं. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या अभ्यासातही आठवड्यात दोन तास बागेत, रानात किंवा समुद्रकाठी घालवणारे लोक आपली तब्येत बरी असल्याचं जास्त सांगत होते. ते दोन तास एकदम असोत की तुकड्यांनी, फरक नव्हता. अर्थात, मुळात धडधाकट माणूसच बाहेर जास्त पडतो, ही मेख त्यात आहेच.

म्हणून साखरेसाठी रोजचं मैदान असू द्या, पण मनासाठी माझा कौल गोगाबाबाला. सकाळी सहाला पायथ्याशी थांबायचं. पहिल्या चढातच गप्पा आपोआप बंद होतात, कारण दम लागतो आणि पायाखाली सुटे दगड असतात. नजर खाली ठेवावीच लागते. प्लॉटचा भाव तिथं आठवत नाही. दिवाळीच्या सुमाराला गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात शिरतात. वर जाऊन बसलं की ती एकेक उपटत राहायची, हा एक वेगळाच उद्योग. खाली बीबी का मकबऱ्याचा घुमट धुक्यातून वर येत असतो. उतरताना मात्र सांभाळा, गुडघ्याची परीक्षा चढावर नाही, उतारावर होते. कुत्र्यांसाठी हातात काठी ठेवा. मार्चनंतर आठच्या आत खाली यायचं.

गौताळ्याची बरोबरी टेकडी करू शकत नाही, हे मान्य. १९८६ सालचं अभयारण्य, सुमारे २६० चौरस किलोमीटर, आपल्या आणि जळगाव जिल्ह्यात पसरलेलं. बिबट्या, अस्वल, नीलगाय. जवळच पितळखोऱ्याची लेणी, तिथं आधी पायऱ्या उतरायच्या असतात आणि मग त्याच चढायच्या. पण जायला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, यायला तेवढेच, आणि गाडीतच चार तास बसणं झालं. शिवाय हे पानगळीचं रान. श्रावणात हिरवंगार, मे महिन्यात सावलीसुद्धा मिळत नाही. मी एकदा मेमध्ये अकरा वाजता एका बाटलीवर निघालो होतो. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं आणि एका गुराख्याच्या कळशीवर निभावलं. ऑगस्ट ते फेब्रुवारी, महिन्यातून एकदा, तीन-चार जण मिळून, वन खात्याच्या नाक्यावर विचारून जा.

गुडघे अगदीच कुरकुरत असतील तर हिवाळ्यात पैठणला नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा काठ धरा. पाणी मागं सरकलेलं असतं, उघड्या पडलेल्या गाळातल्या पेरणीच्या कडेनं सपाट चालता येतं आणि नशीब असेल तर रोहित पक्ष्यांचा थवा दिसतो.

दाजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि गौताळ्यासाठी म्हणून जाड तळाचे महागडे बूट आणले. सध्या ते बूट रोज रात्री जेवणानंतर मैदानात फिरतायत. शनिवारी टेकडीवर येतो म्हणालेत. "पण वरपर्यंत न्यायलास का अर्ध्यातून परत?" असं दोनदा विचारून झालंय.