काटा मधोमध आणायचा: सर्किटने की स्प्रिंगने?

जांबोटीच्या बाजूला आमचं शेतघर आहे. सोलर पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी, चार दिवे. बॅटरीत करंट शिरतोय की बाहेर पडतोय, हे एकाच काट्यावर दिसावं असं मला हवं होतं. पण साध्या मीटरचं शून्य डाव्या टोकाला असतं, उलटा करंट तो दाखवत नाही; त्यासाठी शून्याला काटा मधोमध हवा. म्हणून जुना ७५ मिलिव्होल्टचा काट्याचा मीटर आणि ३० अँपिअरचा शंट (करंटच्या वाटेतली अगदी कमी रोधाची पट्टी; ३० अँपिअरला तिच्यावर ७५ मिलिव्होल्ट मिळतात) घेऊन मी सर्किट आणि स्प्रिंग असे दोन्ही प्रकार करून पाहिले. डायोड ब्रिजच्या (उलटसुलट करंट एकाच दिशेने वळवणाऱ्या चार डायोडच्या जोडणीच्या) वाटेला जाऊ नका, इतक्या कमी व्होल्टेजला डायोड उघडतच नाहीत. जुन्या ट्रॅक्टरचा ३०-०-३० मीटर (मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना ३० अँपिअर) चालतो, पण सगळा करंट त्याच्यातून न्यावा लागतो आणि एक-दोन अँपिअरला काटा जेमतेम हलतो.

आधी सर्किट केलं. एलएम३५८ या अँप्लिफायर आयसीवर शंटचा सिग्नल वाढवायचा, टीएल४३१ या स्थिर व्होल्टेज देणाऱ्या आयसीच्या आधाराने काटा मध्ये धरायचा. मीटर उघडावा लागत नाही, रेंज हवी तशी ठेवता येते. अँप्लिफायर आयसीचा स्वतःचा ऑफसेट (इनपुटवरची मूळची चूक) दोन-तीन मिलिव्होल्ट, म्हणजे या शंटवर साधारण एक अँपिअरची चूक. ती प्रीसेटने (स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) घालवता येते.

पण जुलैत एका रात्री ओलीने सर्किटचा फ्यूज होल्डर गंजला आणि सर्किट बंद पडलं. काटा जाऊन बसला डाव्या टोकाला, म्हणजे १५ अँपिअर डिस्चार्ज! आईने घाबरून सगळे दिवे बंद केले आणि अंधारात बसून मला बेळगावला फोन लावला. बॅटरी ठणठणीत होती. सप्लाय गेल्यावर मीटरने सगळ्यात वाईट आकडा दाखवावा, हे मला काही केल्या पटेना.

मग तसाच दुसरा मीटर उघडला. आत काट्याला मागे-पुढे दोन बारीक स्प्रिंगा असतात, त्याच काटा शून्यावर आणतात. पुढच्या स्क्रूने काटा थोडाच सरकतो आणि तोही एकाच स्प्रिंगवर ताण देऊन. नुसती पुढची स्प्रिंग ओढली तर तिचे वेढे एकमेकांना घासतात, म्हणून दोन्ही स्प्रिंगांची टोकं सारखी फिरवली. हे काम बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या मित्राच्या शेडमध्ये मुद्दाम केलं नाही. लोखंडाचा कीस चुंबकाच्या फटीत शिरला की काटा अडकलाच. घरी, पांढऱ्या कागदावर, पितळी चिमट्याने दोन तास गेले. तबकडी उलटी करून १५-०-१५ चे आकडे चिकटवले. दोन्ही बाजूंना निम्मीच रेंज मिळते, एवढा तोटा आहे.

हात स्थिर नसेल तर सर्किट वाईट नाही, नवा मीटर तरी बिघडत नाही. आमच्या भिंतीवर मात्र आता स्प्रिंगवालाच आहे. त्याला सप्लाय लागत नाही, आणि करंट नसला की काटा आपोआप मध्ये येऊन थांबतो.