प्लेटिंगच्या छोट्या युनिटला आयएसओ १४००१ की झेड?

भोसरी-चाकण बाजूच्या दोघा-तिघा ओळखीच्या प्लेटिंगवाल्यांनी (धातूच्या पार्टवर निकेलसारखा मुलामा चढवणाऱ्यांनी) हल्ली हेच विचारलं म्हणून इथे लिहितोय. आयएसओ १४००१ म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, आणि झेड (ZED) म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची केंद्र सरकारची सर्टिफिकेट योजना. आधी एक लक्षात घ्या, दोन्हीतलं काहीही घेतलं तरी एमपीसीबीचं (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेन्ट, म्हणजे युनिट चालवायची परवानगी, काही सुटत नाही. सांडपाण्याच्या लिमिट तिथूनच येतात, घातक कचऱ्याचा फॉर्म ४ ३० जूनच्या आत आणि पर्यावरण विवरणाचा फॉर्म ५ ३० सप्टेंबरच्या आत भरावाच लागतो.

पैशाचं बघाल तर झेड स्वस्त. २०२२ ला योजना नव्याने आली तेव्हा ब्रॉन्झ या पहिल्या पातळीची फी १० हजार, त्यावरच्या सिल्व्हरची ४० हजार ठरली, आणि सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सबसिडी, म्हणजे त्या हिशोबाने ब्रॉन्झ २ हजारात, फक्त उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हवं. पण ब्रॉन्झच्या ५ निकषांत स्वच्छता, सुरक्षा, क्वालिटी, वेळेवर डिलिव्हरी असं आहे, पर्यावरण व्यवस्थापन आणि ऊर्जा हे निकष सिल्व्हरच्या १४ मध्ये येतात. त्यामुळे पर्यावरणासाठीच करणार असाल तर ब्रॉन्झवर थांबू नका.

आयएसओला ठरलेली फी नाही, माणसं किती आणि प्रोसेस कोणत्या यावर कोटेशन येतं, सर्टिफिकेट ३ वर्षांचं आणि मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट (काम तसंच चालू आहे का याची तपासणी). खर्च जड जातो हे खरंय. पण एक्स्पोर्टवाला किंवा मोठा ऑटो कस्टमर मागतो ते हेच, तिथे झेड दाखवून भागत नाही.

आणि मला आयएसओ पटलं ते अ‍ॅस्पेक्ट रजिस्टरमुळे. कोणत्या कामातून हवेत, पाण्यात, जमिनीत काय जातं ते एकेक करून लिहायचं. आम्ही ते लिहायला म्हणून निकेलच्या टाकीजवळ तासभर उभे राहिलो, तर पोरं जिग (पार्ट टांगायची चौकट) उचलून लगेच रिन्समध्ये, म्हणजे धुवायच्या पाण्याच्या टाकीत, टाकत होती आणि मधल्या फरशीवर हिरवं पाणी ठिबकत होतं, म्हणजे विकत घेतलेलं निकेल आपणच ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) पाठवतोय आणि वर त्याचा स्लज, म्हणजे गाळ, उचलायला पुन्हा पैसे देतोय! मग जिग टाकीवरच दहा-बारा सेकंद निथळू द्यायची सवय लावली आणि दोन टाक्यांच्या मध्ये पीव्हीसीची तिरकी पट्टी बसवली, थेंब परत टाकीत. रिन्सचं पाणी पहिल्यापेक्षा कितीतरी उशिरा हिरवं व्हायला लागलं. हे रजिस्टर कन्सल्टंटकडून तयार आणलं असतं तर त्यात "पाणी प्रदूषण – मध्यम" एवढंच आलं असतं, एका ओळखीच्यांच्या फाइलीत तर दुसऱ्याच कंपनीची केमिकलची यादी निघाली, ऑडिटच्या दिवशी.

तर कस्टमरने लेखी मागितलं असेल तर सरळ आयएसओ घ्या, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबी (अशा संस्थांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) किंवा तशी मान्यता आहे का ते आधी तपासा, कारण आयएसओ ही मानक ठरवणारी संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. कस्टमर मागत नसेल तर सध्या झेड सिल्व्हर करा, पण अ‍ॅस्पेक्ट रजिस्टर या आठवड्यातच लिहायला घ्या, टाकीपाशी उभं राहून, टाकीवरच्या पोरांना सोबत घेऊन. त्याला वही सोडून काही लागत नाही.