चार स्टार, पाचवा व्हॅकच्या बिलापायी गेला

मी शिवणकाम करते. हॉस्पिटलबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ, पण इथली रात्रपाळी नसती तर पोराचा पाय गेला असता.

बाईकवरून पडून त्याची उजवी नडगी मोडली. आधी जवळच्याच एका दवाखान्यात (नाव नको) प्लास्टर घालून पाय दोन उशांवर ठेवला. रात्री ११ पासून पोरगा तळमळायला लागला. दोन इंजेक्शनं झाली, फरक शून्य. तिथले म्हणाले, "हाड मोडलंय, दुखणारच." साडेबाराला ॲम्ब्युलन्स करून इकडे आणलं.

इथल्या सिस्टरांनी फाइलच्या आधी पाय बघितला. अंगठा हलकेच वर केला तर हा किंचाळलाच. लगेच उशा काढून पाय छातीच्या पातळीत ठेवला, प्लास्टर आतल्या कापसासकट कापलं. पोटरी लाकडासारखी टणक. मी म्हटलं, "नाडी तर लागतेय ना?" डॉक्टर म्हणाले, "ताई, नाडी अगदी शेवटी जाते. तोवर स्नायू मरायला लागतात."

सुई घालून पोटरीतला दाब मोजला : ४८. ब्लडप्रेशरचा खालचा आकडा ७०. फरक २२, आणि तो ३० च्या आत आला की ऑपरेशन. गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात, त्यांच्यावरचं अस्तर ताणत नाही, आत सूज आली की रक्तच फिरत नाही. हे मला झटकन कळलं. माया न ठेवलेला ब्लाउज अंगात अडकला की उसवण्यावाचून इलाज नसतो.

दोनला थिएटरमध्ये घेतलं. दोन लांब छेद देऊन चारही कप्पे मोकळे केले, हाडाला बाहेरून सळ्या लावल्या. जखमा मात्र उघड्याच ठेवतात, हे आधी नीट सांगा हो! सकाळी ड्रेसिंगच्या वेळी ते लाल मांस बघून मी खालीच बसले. लघवीचा रंग सारखा विचारत होते. मेलेल्या स्नायूंचा भार किडनीवर येतो म्हणे. दोन दिवसांनी पुन्हा आत नेऊन बघितलं, स्नायू जिवंत होते. पुढे व्हॅक मशीन (उघड्या जखमेतलं पाणी सतत ओढून घेणारं), मग आतल्या बाजूला टाके आणि बाहेरच्या बाजूला मांडीची कातडी.

तक्रार एकच. व्हॅकचं रोजचं भाडं वेगळं, हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

आता पाऊल वर उचलतो. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात अजून बधिर आहे. खाज मात्र मांडीला जास्त येते म्हणतो.