सात महिने, चार आकृत्या: ईआर, डीएफडी, बीपीएमएन आणि स्टेट डायग्राम

ग्रंथालयाच्या देवघेवीची सिस्टीम नव्याने बांधताना एकच व्यवहार मी चार पद्धतींनी काढून पाहिला. सात महिन्यांनंतरचं माझं मत असं, की आकृत्यांची ‘स्ट्रक्चर्ड’ (माहिती आणि प्रक्रिया वेगवेगळ्या पाहणाऱ्या) आणि ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ (दोन्ही एकाच वस्तूत पाहणाऱ्या) ही नेहमीची वर्गवारी कामात फारशी उपयोगी पडत नाही. आकृती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, त्यावरून ती निवडावी.

पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेला ईआर डायग्राम (एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे नोंदायच्या गोष्टी आणि त्यांची नाती दाखवणारा) ‘काय’चं उत्तर चोख देतो. सभासद आरक्षण करतो ते शीर्षकाचं, घरी नेतो ती प्रत. हा फरक पहिल्याच आठवड्यात सापडला आणि पुढची सगळी टेबलं नीट बसली.

डीएफडीमुळे (डेटा फ्लो डायग्राम) सिस्टीमची हद्द ठरली. पण त्यातले बाण माहितीचा प्रवाह दाखवतात, कामाचा क्रम नाही. आमच्यातल्या दोघांनी तो क्रम समजून वाचला आणि दंडाची आकारणी चुकीच्या जागी गेली. क्रम हवा असेल तर बीपीएमएन (कामाचे टप्पे क्रमाने दाखवणारी पद्धत) घ्या. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनी त्यातले स्विमलेन (कोणतं काम कोणाचं, हे दाखवणारे पट्टे) पाहून न विचारता दोन चुका दाखवल्या.

खरा धडा मिळाला तो स्टेट डायग्रामकडून, म्हणजे वस्तूच्या अवस्था आणि त्यांतले बदल दाखवणाऱ्या आकृतीकडून. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ साली मांडलेले स्टेटचार्ट यूएमएल या सॉफ्टवेअर-आकृत्यांच्या प्रमाणित पद्धतीत आले, तीच ही पद्धत. प्रतीची ‘राखून ठेवलेली’ अवस्था काढली आणि दिसलं, की तिच्यातून बाहेर पडणारा बाण एकच आहे: ‘दिली’. सभासद आलाच नाही तर? प्रत कायमची अडकून पडणार! ईआरमध्ये ही अवस्था म्हणजे नुसता एक कॉलम, डीएफडीत तर तिचा मागमूसही नाही. आणि बीपीएमएनमध्ये टायमर इव्हेंट (ठरावीक वेळ झाली की पुढचं पाऊल सुरू करणारी खूण) असतो, पण तो लावायचं आम्हाला सुचलंच नाही, कारण आम्ही सगळं सुरळीत घडतं तेवढंच रेखाटत होतो. हे कळलं पाचव्या महिन्यात, कोड लिहून झाल्यावर. ज्या वस्तूची अवस्था बदलत राहते, तिचा स्टेट डायग्राम मी आता ईआरच्या पाठोपाठ काढतो.

जॉन झॅकमन यांच्या, संस्थेच्या सिस्टीमची वर्णनं लावून ठेवण्याच्या चौकटीत काय, कसं, कुठे, कोण, कधी, का असे सहा रकाने आहेत. माझ्या चारही आकृत्या त्यात मांडून पाहिल्या, तर ‘का’ रिकामा राहिला. राखलेली प्रत किती दिवसांनी मोकळी करायची आणि तेवढेच दिवस का, हे सध्या मी ‘राखून ठेवलेली’मधून बाहेर पडणारा जो बाण नंतर जोडला, त्याच्या शेजारी साध्या वाक्यात लिहून ठेवतो.