कुत्र्याचं वजन करायला काटा कुठला घ्यावा?

दुकानात ‘कुत्र्यासाठी काटा’ म्हणून विचारलं की प्लॅटफॉर्मचा मोठा काटा पुढं येतो आणि किंमत चार-सहा हजारांच्या घरात जाते. घरात एकच लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर एवढा खर्च करायची गरज नाही. सहा-सातशे रुपयांचा बाथरूमचा डिजिटल काटा पुरतो. उलट, ज्याला आपल्याकडं सगळे पॉमेरियन म्हणतात त्या स्पिट्झला हा बाथरूमचा काटा अगदीच कुचकामी आहे. याचं कारण काट्याच्या पायरीत, म्हणजे आकडा कमीत कमी किती ग्रॅमनं बदलतो त्यात आहे.

जाड कुत्र्याचं वजन आठवड्याला १ ते २ टक्के उतरलं तर ते सुरक्षित मानतात. ३८ किलोच्या लॅब्रॅडोरला हे ३८० ते ७६० ग्रॅम होतात, तर ६ किलोच्या स्पिट्झला फक्त ६० ते १२० ग्रॅम. बाथरूमचा काटा १०० ग्रॅमच्या पायरीनं आकडा दाखवतो. त्यावर कुत्र्याला उचलून घेऊन (मोठा असेल तर फळीवर बसवून) एकदा आणि त्याच्याशिवाय एकदा अशी दोन मापं घ्यायची, म्हणजे चूकही दोनदा. २०० ग्रॅम इकडं तिकडं होणं अगदी साधं आहे. लॅब्रॅडोरच्या हिशेबात ते खपून जातं, स्पिट्झचा मात्र दोन आठवड्यांचा सगळा बदल त्यातच बुडतो.

काटा घ्यायच्या आधी हात वापरायला शिकावं, कारण ‘३२ किलो’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. थोराड हाडाच्या नराला तो बरोबर असेल, लहान चणीच्या मादीला जड. उजव्या हाताची मूठ वळून डाव्या हाताची बोटं मुठीच्या टोकदार सांध्यांवरून फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रा बारीक आहे. मग उजव्या हाताचा पंजा सरळ पसरून त्या पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं लगेच लागतात पण वर पातळ थर असतो, बरगड्या तशाच लागायला हव्यात. शेवटी तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा दाबा. बरगड्या शोधायला एवढं दाबावं लागलं तर चरबी जास्त झाली आहे. त्याशिवाय वरून बघताना बरगड्यांमागं कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूनं बघताना पोट मागं वर चढत जावं. केसाळ कुत्र्याच्या बाबतीत नजरेवर विसंबू नका, हातच खरा. डॉक्टर याच तपासणीवर १ ते ९ गुण देतात. ४-५ म्हणजे उत्तम, आणि ५ च्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० टक्के जादा वजन.

आता बाथरूमच्या काट्याकडं. काचेखाली चार कोपऱ्यांत चार संवेदक असतात आणि चारही पाय सारखे टेकले तरच आकडा खरा येतो. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर तो हमखास फसतो, कारण फरशीच्या सांध्यात एखादा पाय अधांतरी राहतो. सतरंजी, पायपुसणं, सारवलेली जमीन, यांवरही ठेवू नये. गुळगुळीत टाइल्सवर ठेवून चारही कोपरे बोटानं दाबून बघा, डुगडुगला तर जागा बदला.

या काट्यांची दुसरी खोड फारसं कुणी सांगत नाही. स्वस्तातले बरेच काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या अगदी जवळपास असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. तीनदा तोलून तिन्ही वेळा तेच आलं म्हणून ‘काय अचूक काटा आहे’ असं वाटतं. दोन मापांच्या मध्ये दहा किलोची आट्याची सीलबंद पिशवी ठेवा, मग पुन्हा तोला. त्याच पिशवीनं काट्याची परीक्षाही होते. एकट्यानं उभं राहा, मग पिशवी घेऊन उभं राहा, फरक ९.९ ते १०.२ च्या आत यायला हवा. दुकानातच ही परीक्षा करू देत असतील तर तिथूनच घ्या.

उचलून तोलायची मर्यादा २० किलो धरा. एक हात छातीखालून, दुसरा मागच्या पायांमागून घ्यायचा. नुसतं पुढच्या पायांखाली धरून उचललेला कुत्रा तडफडतो आणि आकडा ठरत नाही. त्याहून जड कुत्र्यासाठी काट्यावर दोन फूट बाय दोन फुटांचा जाड प्लायवूड ठेवा, वर रबरी मॅट टाका आणि कुत्र्याला मधोमध ‘बैस’ म्हणून बसवा. उभा केला की पाय कडेला जातात, फळी कलंडते, आणि एकदा घाबरलेला कुत्रा परत तिच्याकडं फिरकत नाही. काही काटे फळीचं वजन शून्य धरतात, काही नाहीत. म्हणून आधी रिकाम्या फळीचा आकडा बघा.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा अडीचशे ते पाचशे रुपयांत मिळतो, आणि ५ ते १० किलोच्या कुत्र्यासाठी पैसे वसूल करणारा तोच. पायरी ५-१० ग्रॅमची असते. कुत्र्याला गळपट्ट्यानं कधीही टांगू नये. भक्कम कापडी पिशवीत बसवून, पिशवी जमिनीपासून वीतभरच उचलायची. पिशवीचं वजन वजा करायला विसरू नका. दूध पिणाऱ्या पिल्लांना मात्र स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा आणि वर टोपली, दुसरं काही नको.

प्लॅटफॉर्मचा काटा परवडतो तो दोन-तीन मोठी कुत्री असतील तर. घेताना हलत्या जनावरासाठी सरासरी काढून आकडा धरून ठेवायची सोय आहे का, हे विचारा. नसेल तर शेपटी हलली की आकडा नाचतो. बेळगावच्या रविवार पेठेत किंवा निपाणी-चिकोडीच्या बाजारात भुसार दुकानदाराच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. ओळखीचा दुकानदार असेल तर गर्दी नसताना, खाली स्वच्छ पोतं टाकून महिन्यातून एकदा तोलून घ्यायला हरकत नाही. उसाच्या काट्यावर नेऊ नका. तिथं पायरीच पाच-दहा किलोची असते (आणि त्या काट्याबद्दल बाकी जे बोललं जातं ते वेगळंच).

काट्यानंतर खाद्याच्या पाकिटावरचा तक्ता. त्याला आमच्याकडून कमी गुण. तक्त्यातला वजनाचा रकाना कुत्र्याचं वजन किती असायला हवं यासाठी असतो, पण ही गोष्ट बारीक अक्षरात लिहिलेली असते किंवा नसतेच. लोक आज आहे ते वजन बघतात आणि जाड कुत्र्याला आणखी जास्त घालतात. हिशेब घरी करता येतो. ३८ किलोच्या कुत्र्याला ७ गुण असतील तर तो २० टक्के जादा आहे. ३८ भागिले १.२ म्हणजे जवळजवळ ३२ किलो हे लक्ष्य. साध्या कॅल्क्युलेटरवर ३२ ला ३२ नं दोनदा गुणा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, १३.४५ येईल. त्याला ७० नं गुणलं की ९४२. वजन उतरवायला दिवसाला एवढ्या किलोकॅलरी. पाकिटावर १०० ग्रॅमला ३५० लिहिलं असेल तर २७० ग्रॅम खाद्य झालं, तेही वाटीनं नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून.

आणि हे २७० ग्रॅम म्हणजे सगळं मिळून. साठ ग्रॅम पिठाची जोंधळ्याची भाकरी साधारण २०० किलोकॅलरीची. ती दिली तर खाद्यातले ५५-६० ग्रॅम कमी झाले पाहिजेत. वरचा खाऊ १० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे चारेक ग्लुकोज बिस्किटं आणि बस्स. पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्याचा (खव्याच्या मिठाईचा) चमचाभर वाटा या हिशेबात बसत नाही. पावसाळ्यात खानापूरकडं आठवडेच्या आठवडे फिरणं बंद पडतं, तेव्हा माप तेच ठेवलं तर दिवाळीला कंबर गायब. तीन आठवड्यांत वजन हललं नाही तर आणखी दहावा हिस्सा कमी करा. आठवड्याला दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर वाढवा.

सडपातळ बांध्याच्या मुधोळ कुत्र्यांना बरगड्यांचा नियम जसाच्या तसा लावू नका. त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि पुठ्ठ्याची हाडं दिसणं निरोगीपणाचंच आहे. ‘उपाशी ठेवलंय’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं ऐकून दूध-तूप सुरू करू नये. त्यांच्यात बघायचं ते पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस. ते भरीव लागलं पाहिजे. तिथं खळगा पडला असेल तर बारीकपणा खरा.

पोट सुटलंय पण बरगड्या टोचतात, असं असेल तर ती चरबी नव्हे. पिल्लांत बहुधा जंत असतात, मोठ्या कुत्र्यात पोटात पाणी झालेलं असू शकतं. आहार तोच असताना महिन्यात वजन दहा टक्क्यांनी उतरलं, किंवा खाणं न वाढता चढत गेलं आणि अंगावरचे केसही विरळ झाले, तर आहाराचे प्रयोग थांबवून जनावरांच्या डॉक्टरांकडं जा. नेताना वही न्या. तारीख, वजन, हाताचे गुण आणि कुठल्या काट्यावर तोललं, एवढं तिच्यात हवं. डॉक्टरांच्या काट्यावर आकडा वेगळा आला तर घरचा काटा किती फरकानं चुकतो तेही तिथंच लिहून ठेवा.