उघड्यावर झोपणाऱ्यांना थंडीत काय द्यावं: ब्लँकेट, स्लीपिंग बॅग, मॅट की मोजे?

थंडीत रस्त्यावर राहणाऱ्या माणसासाठी काही घ्यायचं ठरलं, की बहुतेकांचा हात आधी ब्लँकेटकडे जातो. माझं मत वेगळं आहे. आधी त्याच्या अंगाखाली काय आहे ते बघा, मग पायांत काय आहे ते, आणि पांघरुणाचा विचार त्यानंतर करा.

मॅट की ब्लँकेट? ब्लँकेट ऊब देतं ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. तेच अंगाखाली अंथरलं की वजनाने हवा निघून जाते आणि सिमेंटची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. बंद बुडबुड्यांच्या फोमची, सेंटीमीटरभर जाडीची मॅट दबत नाही, पाणी पीत नाही, पुसली की कोरडी होते. वजन नगण्य, गुंडाळून पिशवीला बांधता येते. ज्याच्याकडे एखादं पांघरूण आहे, त्याला दुसरं ब्लँकेट देण्यापेक्षा मॅट द्या. मॅट परवडत नसेल तर जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थरही चालतात, पण पुठ्ठा ओला झाला की संपला.

ब्लँकेट की स्लीपिंग बॅग? उबेच्या बाबतीत चांगली स्लीपिंग बॅग निर्विवाद सरस. पण ती घेणाऱ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे कुणीतरी उठवतं, सगळं सामान पाठीवर घेऊन दिवसभर हिंडावं लागतं, आणि दवाने भिजलेली बॅग वाळत घालायला जागा नसते. शिवाय रात्री कुणी अंगावर धावून आलं तर चेनमधून पटकन बाहेर पडता आलं पाहिजे, आणि ही भीती खरी असते. ब्लँकेट खांद्यावर घेता येतं, लेकराला आत ओढता येतं. ज्याची झोपायची जागा ठरलेली आहे त्याला बॅग, जो रोज जागा बदलतो त्याला ब्लँकेट, असं मी ठरवेन. बॅग घेतलीच तर पिसं भरलेली नको, कारण पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम भरण घ्या, आणि चेन आतूनही उघडते ना ते तपासा. काहीही दिलंत तरी सोबत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी द्या. सामान कोरडं ठेवायला तिच्याइतकं कामाचं काही नाही.

चंदेरी आपत्कालीन पांघरुणं स्वस्त आणि खिशात मावणारी असतात, वारा अडवतात, शरीरातून निघणारी उष्णता परत फेकतात. पण आत घामाचं पाणी साचतं आणि ती लवकर फाटतात. एका वाईट रात्रीपुरती ठीक, ब्लँकेटची जागा ती घेऊ शकत नाहीत.

मोजे की स्वेटर? इथे मी मोज्यांच्या बाजूने आहे. पाय दिवसेंदिवस ओले आणि गार राहिले तर बर्फ पडत नसतानाही, अगदी 16 अंश तापमानातही, त्वचा आणि नसा खराब होऊ शकतात. लोकरीचे किंवा लोकरमिश्रित मोजे ओलसर झाले तरी थोडी ऊब धरतात. सुती मोजे भिजले की पाय आणखी गारठतो. एक जोड पायांत, एक वाळत आणि शक्य तर एक कोरडा राखीव, म्हणून किमान दोन-तीन जोड द्या. मोजे आणि आतले कपडे नवेच हवेत. बूट देणार असाल तर माप विचारा आणि जाड मोज्यांसाठी जागा सोडा, कारण घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात.

कानटोपी कुणालाही बसते, बिनधास्त द्या. हातमोज्यांमध्ये चारही बोटं एकत्र राहणारे जास्त उबदार, पण त्यांनी चेन ओढता येत नाही की मोबाईल वापरता येत नाही. पुढचा भाग मागे दुमडता येतो असे मिळाले तर तेच घ्या.

दुसरा स्वेटर की रेनकोट? पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे एक स्वेटर अंगावर असेल तर दुसऱ्यापेक्षा पाणी आणि वारा अडवणारं जाकीट मोलाचं. जुनं चालेल, फक्त धुतलेलं, वाळलेलं आणि चेन चालू असलेलं असू दे. जीन्स आणि सुती हुडी गठ्ठ्याने येतात, त्या बाजूलाच ठेवा.

मेणबत्त्या, शेगड्या मात्र नकोतच. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच जीव जातो.

खरेदीआधी मात्र त्या माणसालाच विचारा, "तुम्हाला आत्ता कशाची गरज आहे?" उत्तर "काही नको" असेल तर तेही मान्य करा. निवाऱ्याच्या संस्थेला देणार असाल तर आधी फोन करून कोणती मापं कमी पडताहेत ते विचारा. आणि कुणी बरळताना, गोंधळलेलं किंवा कुडकुडणं अचानक थांबून सुस्तावलेलं दिसलं, तर शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलेलं असू शकतं. अशा वेळी वस्तूंचा विचार नंतर, रुग्णवाहिका आधी बोलवा.